परत न आलेला पेशंट

पाठ

माझी पाठ गिरणीमुळं दुखते, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. रामनगरच्या बाजाराच्या टोकाला आमची भाताची गिरणी आहे. सासरचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा सासऱ्यांनी इथं येऊन ती घातली. यजमान मशीन बघायचे. मी पोती सरकवायचे, कोंडा वेगळा भरायचे, आलेल्या माणसांचे नंबर लावायचे. सुगी झाली की डोंगरातली माणसं भात घेऊन येत, कुणी बसनं, कुणी लाकडाच्या ट्रकवर बसून. अशा कामात पाठ दुखणारच.

मूतखड्याची कळ त्याच वर्षांत दोन-तीनदा येऊन गेली होती. दर वेळी कुळथाचं कढण प्यायले, दोन दिवस पडून राहिले, कळ थांबली. कळ थांबली म्हणजे खडा गेला, असं मी समजले. तसं समजणारी मी एकटी नाही, हे मला पुढं वॉर्डात कळलं.

त्या वर्षी मात्र कळ आलीच नाही. सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं असायचं. जोडवी बोटात रुतायला लागली. भाताचा वास आला की ओकारी यायची, आणि माझं तर सगळं आयुष्य भाताच्या वासात. रामनगरच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पायावर अंगठा दाबला. तो खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते बघत राहिले. मग यजमानांना म्हणाले, "आजच बेळगावला न्या. उद्यावर टाकू नका."

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा छत्तिशीत होते आणि मुलगी वैशाली आठवीत होती.

फोटो

बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलात दिवसभर या खोलीतनं त्या खोलीत झालं. संध्याकाळच्या आत मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. ते ऑपरेशन करणारे डॉक्टर, वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी माझा एक्स-रे उजेडावर लावला.

"ही डावी किडनी. ही वाळून गेलीय. कितीतरी वर्षांपूर्वीच गेली असेल. आता उजवीकडं बघा."

उजव्या बाजूला पांढरं काहीतरी होतं. त्याला फाटे फुटले होते. मी ते लगेच ओळखलं. आमच्याकडं जंगलात सांबराची शिंगं गळून पडलेली मिळतात. तसंच ते होतं, लहान, माझ्या पोटातलं.

"हा एकच खडा आहे. सगळ्या किडनीत पसरलाय."

यजमान म्हणाले, "म्हंजे किडनी एकच ऱ्हायली?"

"एकच. आणि तीही अडलीय. आत पू झालाय."

मला त्या वेळी वैशालीच्या शाळेच्या फ्रॉकचा काठ उसवलेला आठवत होता. तो शिवायचा राहिला होता. मरणाची भीती वाटायच्या आधी मला त्या काठाची काळजी वाटली. का, ते मला अजून सांगता येत नाही. ज्यांना हा दिवस बघावा लागेल त्यांना एवढंच सांगते की त्या दिवशी मनात काहीही येतं, आणि त्याची लाज वाटून घेऊ नये.

मापं

माझ्या पाठीतनं आत एक नळी घातली, पू बाहेर यावा म्हणून. तिला पिशवी जोडली. उठताना ती पिशवी हातात धरून उठायचं, झोपताना खाली अडकवायची. पहिले काही दिवस मला तिच्याकडं बघवत नव्हतं. नंतर मी सकाळी डोळे उघडले की आधी तिच्याकडंच बघायला लागले.

वॉर्डात सगळ्याची मापं होती. पाणी किती प्यायलं, बाहेर किती आलं, वजन किती, ताप किती. रक्त चढवलं, रोज इंजेक्शनं दिली. हातावर जागा उरली नाही तेव्हा पायाला सुई लावली. गिरणीत मी लोकांची पोती मोजत होते, इथं लोक मला मोजत होते.

शेजारच्या खाटेवर गंगव्वा होती. बैलहोंगलकडची, साठीच्या आसपासची, बोलायला मोठी गोड. तिच्याही किडनीत खडा होता, पण दुसरी किडनी चांगली होती. ती कानडीत बोलायची, मी मराठीत. दोघींना दोन्ही समजायचं. माझे हात सुयांनी भरलेले असले की ती माझी वेणी घालायची. वेणी घालून झाली की माझ्या डोक्यावर हलकेच थापटायची. आई जाऊन मला खूप वर्षं झाली होती.

यजमान एक दिवसाआड यायचे. सकाळच्या गाडीनं येऊन दुपारच्या गाडीनं परत, कारण गिरणी बंद ठेवून चालत नव्हतं. येताना डब्यात भाताची पेज आणायचे. बसून राहायचे. आमच्यात बोलणं फार होत नव्हतं. "वैशाली जेवती का?" "जेवती." "आत्तीचा गुडघा?" "हाय तसाच." सासूला आम्ही आत्ती म्हणतो.

कॉम्प्युटर

वॉर्डात शैलजा नावाच्या एक तरुण डॉक्टर होत्या. धारवाडच्या. त्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली पुढचं शिकत होत्या. एके दिवशी त्या माझ्या खाटेवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सुमनताई, तुमची माहिती मला एका अभ्यासासाठी हवी आहे. तुम्ही हो म्हणालात तरच घेईन."

चालता येत होतं म्हणून त्या मला आणि गंगव्वाला एका खोलीत घेऊन गेल्या. चपला बाहेर काढाव्या लागल्या. आत गार हवा होती आणि टेबलावर कॉम्प्युटर. मी तो पहिल्यांदाच बघत होते.

"खड्याचं ऑपरेशन झालेल्या जुन्या पेशंटांची माहिती आम्ही याला दिलीय," त्या म्हणाल्या. "वय, रक्त किती, लघवीत पू होता का, किडनी किती काम करत होती, खडा केवढा. आणि ऑपरेशननंतर एक वर्षानं किडनी चालू होती की नव्हती. एवढं सगळं बघून हे आपलं आपण शिकतं की कशा माणसाचं पुढं काय होतं. मग नव्या माणसाची माहिती दिली की ते अंदाज सांगतं. हो किंवा नाही."

"आपलं आपण शिकतं?" मी विचारलं.

"माझा भाऊ इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. प्रोग्राम त्यानं लिहिला. पण कुठल्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचं ते आम्ही सांगितलेलं नाही. ते त्यानंच शोधलं." मग त्या म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. यावरून ऑपरेशन ठरत नाही. ते मोठे डॉक्टर ठरवतात. हे अजून शिकतंय, आणि मीही शिकतेय."

मी हो म्हटलं. गंगव्वाही हो म्हणाली. तिला तर गंमत वाटली होती. ती कानडीत म्हणाली, "बघू या तर, पेटी काय म्हणते."

उत्तर

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई वॉर्डात आल्या तेव्हा गंगव्वानं त्यांना सोडलंच नाही. पेटी काय म्हणाली, सांगा म्हणून पदर धरून बसली. शेवटी त्यांनी सांगितलं. "हो म्हणाली, अज्जी." गंगव्वानं दोन्ही हात जोडले. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं हसली.

मग डॉक्टरबाई माझ्या खाटेकडं न बघता पुढच्या खाटेकडं गेल्या.

मी पिशवीकडं बघत राहिले. दुपारी त्या परत आल्या, तेव्हा मी विचारलं, "माझं काय म्हणालं?"

"ते सांगण्यासारखं नाही, ताई. त्याचा भरवसा अजून—"

"गंगव्वाला सांगितलं न्हवं?"

त्या खाली बघत होत्या. मग खाटेच्या कडेला टेकल्या आणि माझ्याकडं सरळ बघून म्हणाल्या, "नाही म्हणालं."

मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

पुढं पुष्कळ डॉक्टर भेटले. पण मला माहीत नाही असं तोंडावर सांगणाऱ्या त्या एकट्याच. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्यांनी माझ्यासाठी केलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट होती.

गंगव्वाचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. ऑपरेशन नीट झालं असं सगळे म्हणाले. दोन दिवसांनी तिच्या छातीत काहीतरी अडकलं आणि ती गेली. तिच्या लेकीनं खाटेखालची पिशवी गोळा केली. त्यात ती माझ्या केसांना लावायची ती तेलाची बाटली होती. लेकीनं ती माझ्या खाटेवर ठेवली आणि गेली.

डॉक्टरबाई जिन्यात उभ्या राहून रडताना मला दिसल्या. पेटी चुकली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं का? तसं वाटलं नाही. जिला हो म्हटलं तिचं हे झालं, मग मला तर नाहीच म्हटलंय, असा विचार माझ्या डोक्यात फिरत राहिला.

घरची माणसं

गंगव्वा गेली आणि मशीन मला नाही म्हणालं, ही बातमी घरी गेली आणि आत्ती गुडघा धरत बेळगावला आली. आधी ती उळवीच्या देवाला जाऊन आली होती. तिथली विभूती तिनं माझ्या कपाळाला लावली आणि मुलाला म्हणाली, "हिला घरला घेऊन चल. मशीन न्हाई म्हणतंय, तर कशाला पोट फाडायचं? हाय तेवढे दिवस लेकीजवळ ऱ्हाऊ दे."

खानापुराकडनं माझा दादा आला होता. तो म्हणाला, "मशीनला काय कळतंय? डॉक्टर म्हणत्यात तर करायचं."

"तुझी भण हाय म्हणून तू बोलतोस. काय झालं तर पोरीला कोण बघणार?"

"आणि न्हाई केलं तर काय हुईल, ते बी सांग की आत्ती."

दोघांचे आवाज चढले. नर्सनं येऊन त्यांना बाहेर काढलं. यजमान माझ्या पायाशी उभे होते. ते कुणाच्याच बाजूनं बोलले नाहीत. त्या वेळी मला वाटलं, यांना काहीच वाटत नाही. आजारी माणूस जवळच्या माणसावर असे पुष्कळ अन्याय करतो.

मोठ्या डॉक्टरांना आम्ही सगळ्यांनी मिळून विचारलं. ते म्हणाले, "ऑपरेशन केलं नाही तर किडनी हळूहळू जाईल. मग मशीनवर रक्त धुऊन घ्यायला कायमचं बेळगावला राहावं लागेल, आणि तेही किती दिवस ते सांगता येत नाही. ऑपरेशन केलं तर पेशंट वाचेल, नाहीतर टेबलावरच जाईल. मी दोन्ही बघितलंय. नळीमुळं थोडा वेळ मिळालाय. अंगात जरा रक्त भरू दे. तोवर विचार करा."

बाजारकुणंगचा माणूस

मी डॉक्टरबाईंना पुन्हा विचारलं. यंत्र मला नाही म्हणालं, ते कशावरून?

"त्याचं कारण ते सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पण आम्हाला अंदाज आहे. एकच किडनी, तिच्यात पू, रक्त कमी, उशिरा आलेलं माणूस. अशी माणसं त्यानं थोडीच बघितली, आणि जी बघितली त्यातल्या बऱ्याच जणांचं चांगलं झालेलं नाही."

"आणि बाकीची?"

"बाकीची त्याला दाखवलीच नाहीत. ऑपरेशन होऊन घरी गेली आणि परत आली नाहीत. वर्षानं काय झालं ते आम्हाला माहीतच नाही, मग यंत्राला काय शिकवणार? म्हणून ती आम्ही काढून टाकली. लांबच्या गावची, जंगलातली माणसं त्यात जास्त आहेत. म्हणजे यंत्रानं बेळगावची, धारवाडची माणसं बघितलीत. तुमच्याकडची जवळजवळ नाहीतच."

यजमान इतका वेळ खिडकीशी उभे होते. ते वळून म्हणाले, "आमच्या तालुक्यातलं कोण हुतं का?"

"एक होता. अगदी सुमनताईंसारखाच. एकच किडनी, तसाच खडा. ऑपरेशन झालं, टाके काढून गेला, तो पुन्हा आलाच नाही."

"गाव?"

डॉक्टरबाईंनी लगेच सांगितलं नाही. पेशंटची माहिती अशी द्यायची नसते, असं म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून त्यांनी सांगितलं. बाजारकुणंग. सोमा नावाचा.

यजमानांनी डबा उचलला. "उद्या मी येत न्हाई," एवढंच मला म्हणाले.

ते पुढं तीन दिवस आले नाहीत. मी पुष्कळ काही मनात आणलं. चौथ्या दिवशी आले तेव्हा त्यांच्या पायांना ठिकठिकाणी जळवा लागल्याच्या खुणा होत्या. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि सांगायला लागले. लग्न झाल्यापासनं मी त्यांना एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

तालुक्याच्या ठिकाणी, जोयड्याला उतरून पुढची गाडी धरली होती. तिनं निम्म्या वाटेत सोडलं. पुढं रानातनं चालत. गावात विचारलं तर लोकांना वाटलं, फॉरेस्टवाला आला. गिरणीचं नाव सांगितल्यावर ओळख पटली. भात घेऊन येणारे दोघं तिथंच भेटले. त्यांनी सोमाच्या घरी नेलं. सोमा नव्हता. त्याची बायको होती आणि दोन लेकरं.

"मेला तो," यजमान म्हणाले. "पण आपरेशननं न्हाई मेला. आपरेशन झाल्यावर घरला आला, चांगला झाला. भात लावला, मळणी केली, लाकूडतोडीला गेला. तीन सुग्या केल्या त्यानं. ती म्हणाली, पहिल्यापेक्षा अंगानं भरला हुता."

"मग?"

"दाखवायला ये म्हणून सांगितलेलं. पहिल्या वर्षी पाऊस लागला, गाडी बंद. मग त्यानंच म्हटलं, आता मला बरं हाय, कशाला जाऊ? पुढं कधी गेलाच न्हाई. चौथ्या वर्षी पावसात थंडी वाजून ताप आला. लघवी बंद झाली. खाटेवर घालून रस्त्यावर आणला, गाडी यायच्या आत संपला." ते पायावरच्या खुणा चोळायला लागले. "तिनं मला इचारलं, डॉक्टरीणबाईंनी आठवण काढली व्हय त्याची? मी व्हय म्हटलं."

दोन रकाने

यजमानांनी हे सगळं डॉक्टरबाईंना पुन्हा सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "वर्षानं त्याची किडनी चालू होती म्हणायची. म्हणजे याच्यापुढं 'हो' लागेल."

"व्हय. बरा झाला हुता, तसं लिवा," यजमान म्हणाले. "पण मेला, ते बी लिवा. का मेला ते बी."

"त्याला यात जागा नाही हो. वर्षानंतरचं एकच विचारलंय."

"मग जागा करा."

दुसऱ्या दिवशी येऊन डॉक्टरबाईंनी सांगितलं की सोमाची माहिती घातली आणि भावाशीही बोलणं झालं. वर्षानंतर माणूस दाखवायला येत राहिला की नाही, हेही पुढच्या अभ्यासात दुसऱ्या रकान्यात घ्यायचं त्या दोघांनी ठरवलं होतं.

मी विचारलं, "आता माझं काय म्हणतंय?"

"एका माणसानं ते बदलत नाही, ताई. मी विचारून बघितलं. तुमचं उत्तर अजून नाहीच आहे."

मला वाटलं होतं, बदलेल. मनातल्या मनात मी ते धरूनच चालले होते. त्या दिवशी मी जेवले नाही. पण संध्याकाळपर्यंत ऑपरेशन करायचं माझं ठरलं होतं. यंत्र खोटं सांगत नव्हतं. त्याला जेवढी माणसं दाखवली तेवढ्यांचं ते सांगत होतं. मला मात्र आता एक माणूस जास्त माहीत होता. तो माझ्यासारखाच होता, माझ्याच मातीतला, आणि त्यानं तीन सुग्या केल्या होत्या. मला तीन वर्षं मिळाली तर वैशाली अकरावी होणार होती. तेवढं मला पुरेसं वाटलं.

आत्तीला सांगितलं तेव्हा ती भांडली नाही. तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला. "माझं ऐकलं न्हाईस ते न्हाईस. परत ये म्हंजे झालं," एवढं म्हणाली.

नंतर

ऑपरेशनबद्दल मला फार सांगता येणार नाही. आत नेताना छताचे दिवे एकामागून एक डोक्यावरनं गेले. जाग आली तेव्हा घशात नळी होती आणि कुणीतरी माझं नाव पुन्हा पुन्हा घेत होतं. रक्त थांबत नव्हतं म्हणून मला दुसऱ्यांदा आत नेलं, हे मला नंतर कळलं. यजमानांनी तेव्हा बाहेर आणखी एका कागदावर सही केली. ती करताना त्यांना आपलं नाव नीट लिहिता आलं नाही, असं दादानं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

त्यानंतर किडनी चालेना. पिशवीत काही येईना. मोठे डॉक्टर सकाळी येऊन पिशवीकडं बघत आणि पुढच्या खाटेकडं जात. मला पाणी बंद होतं. नर्स ओला बोळा ओठांवर फिरवायची. तेवढ्या ओलाव्यासाठी मी तिच्या पावलांचा आवाज ओळखायला शिकले. त्या दिवसांत मी देवाला काही मागितलं नाही. मागायलाही अंगात जोर लागतो.

मग एका सकाळी यजमान येऊन बसले, वाकून खाली बघितलं आणि तसेच वाकून राहिले. मी विचारलं, "काय झालं?" ते पिशवीच्या तळाला आलेल्या पिवळ्या पाण्याकडं बघत होते. त्यांनी चेहरा माझ्या पांघरुणात घातला. त्यांना काहीच वाटत नाही असं मला वाटलं होतं, ते तेव्हा संपलं.

घरी यायला पुढं पुष्कळ दिवस लागले. वैशाली दारात उभी होती. जवळ यायला ती बिचकली, इतकी मी बारीक झाले होते. ती लांबूनच म्हणाली, "आई, आता झालं न्हवं सगळं?" मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, "थोडं झालं."

आता

वर्षभरानं मी बेळगावला दाखवायला गेले. त्याआधीही सांगितलं तेव्हा तेव्हा गेलेच होते. डॉक्टरबाईंचं शिक्षण पुरं झालं होतं आणि त्या दुसऱ्या गावी चालल्या होत्या. त्यांनी माझ्यासमोर माझ्या नावापुढं 'हो' घातलं.

"तुमच्या बाबतीत ते चुकलं," त्या म्हणाल्या.

"आणि बाकीच्यांच्या?"

"ज्यांना नाही म्हणालं त्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत बरोबर आलं." त्यांनी मला उगीच हिंमत दिली नाही. तशी ती मी इथंही कुणाला देणार नाही. मला नाही म्हटलं आणि मी वाचले, म्हणून सगळे वाचतील असं नाही. गंगव्वाला हो म्हटलं होतं. अंदाज म्हणजे आपल्याआधी गेलेल्या माणसांचं बोलणं असतं. ते ऐकावं. त्यात कोण कोण नव्हतं, तेही विचारावं. आणि मग आपलं आपण ठरवावं.

माझी किडनी अर्धीच चालते. मीठ मोजून खाते, रक्त तपासते, दर पावसाळ्याआधी फोटो काढून येते. एकदा पुन्हा बारीक खडा दिसला. वेळेवर दिसल्यामुळं मोठं काही करावं लागलं नाही. वैशाली अकरावी झाली आणि त्यालाही आता कितीतरी वर्षं लोटली. पोती मी उचलत नाही. नंबर मात्र अजून मीच लावते.

गेल्या सुगीनंतर डोंगराकडची एक बाई भात घेऊन आली. तिचं आणि माझं दुखणं एकच निघालं. माझ्यानंतर काही वर्षांनी तिचंही त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन झालेलं. चेहरा टवटवीत होता. मी विचारलं, "दाखवायला कधी गेलीस?"

"न्हाई गेले. आता बरं हाय की मला. कशाला जाऊ?"

मशीनच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही, असं तिला वाटलं असावं. ती जवळ आली आणि मोठ्यानं म्हणाली, "बरं हाय म्हटलं मला."

मी यजमानांना मशीन बंद करायला सांगितलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. "व्हय, बरं हाय ना," मी तिला म्हटलं, "मग ते सांगायलाच जा. सोमवारच्या गाडीनं चल. मी येते तुझ्यासंगं."

सोमवारी ती स्टँडवर आली होती.